भिंगरीची डावी सीट

या सदरातले अनुभव मी वाचतो ते जेवताना, आणि खरं सांगायचं तर हसायला. वडाखालची बाई, आपोआप हलणारा झोका, अमक्याच्या मावसभावाला दिसलेला पांढरा माणूस... बायको म्हणते, लोक मनापासून लिहितात, तू दात काय काढतोस? पण माझा धंदाच तसा आहे. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी बघायची आणि मालक सांगतोय तसंच घडलंय का ते ठरवायचं. "साहेब, अचानक म्हैस आडवी आली" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एव्हाना भाईंदरमध्ये एकही म्हैस धड शिंगांची उरायला नको होती. त्यामुळे माझा विश्वास मोजपट्टीवर आणि वजनकाट्यावर. आणि जे झालं ते नेमकं काट्यावरच झालं, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी गाडीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. किट कार म्हणजे सुटी मिळणारी गाडी. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या दोन इंजिनिअर भावांनी 'भिंगरी' नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली होती. काढली म्हणजे काय, तर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि फायबरची बॉडी टेम्पोत घालून तुमच्या दारात आणून टाकायचे. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं तुम्ही जुन्या काळी-पिवळी टॅक्सीतून काढायची आणि सगळं आपल्या हातानं जोडायचं. छप्पर नाही, एसी नाही, दार नावापुरतं. सगळा खेळ हलकेपणाचा. टॅक्सीचं दमलेलं इंजिनही या गाडीला असं पळवतं की हसू येतं. बोटांवर मोजण्याइतक्याच विकल्या गेल्या आणि भावांनी दुकान गुंडाळलं.

मला ती काशिमिऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली, ताडपत्रीखाली. कागदावर ती अजून चार दरवाज्यांची टॅक्सीच आहे. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये आणून उभी केली तेव्हा सुजातानं, म्हणजे बायकोनं, दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "बाथटब आणलास की काय?" या गाडीसाठी मी किती वर्षं जीव टाकत होतो ते तिला चांगलं ठाऊक होतं.

भिंगरीवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. माणसं थोडी, वाद मात्र भरपूर. कुणाची बॉडी कोणत्या साच्यातली, कुणाचं डॅशबोर्ड मूळचं, कुणाची गाडी आधी कुणाकडे होती... आणि सगळ्यात मोठी स्पर्धा वजनाची. गाडी काट्यावर न्यायची, आकड्याचा फोटो टाकायचा. सगळ्या भिंगऱ्या साडेपाचशे किलोच्या आसपास. माझी तर आणखी हलकी निघणार याची मला खात्री होती, कारण तिच्यात स्टेपनीसुद्धा नव्हती.

एका रविवारी सकाळी हायवेवरच्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर गेलो. गाडी चढवली, उतरलो, बाजूला उभा राहिलो. केबिनमधला माणूस खिडकीतून म्हणाला, "साहब, बाजूवाले को भी उतारो ना."

मी विचारलं, कौन बाजूवाला? त्यानं मान बाहेर काढून बघितलं, जरा गोंधळला. म्हणाला, गाडी उस तरफ बैठी है, इसलिए बोला. मी बघितलं तर खरंच, डावी बाजू खाली होती. आकडा आला सहाशेच्या वर. इतरांच्या गाड्यांपेक्षा पंचावन्न किलो जास्त. मी पुन्हा चढवली, पुन्हा तेच. माझ्यामागे उभा असलेला ट्रक हॉर्न मारायला लागला तेव्हा निघालो.

आता सर्व्हेअरचं डोकं. पहिला संशय असा की आधीच्या मालकानं तडा बुजवायला काँक्रीट ओतलं असणार. आमच्या इस्माईलभाईंच्या गॅरेजमध्ये गाडी घातली. त्यांनी डाव्या-उजव्या स्प्रिंगा बदलून पाहिल्या, टाकी रिकामी केली, चारही चाकांखाली वेगळे काटे लावले. जास्तीचं वजन नेमकं डाव्या सीटच्या जागी निघालं. सीट काढून बाहेर ठेवली. वजन तिथंच. तळ मी स्वतः टिचक्या मारत तपासला, सगळीकडे एकसारखा पातळ आवाज. फक्त डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी, फायबर टाचांनी झिजावं तसं झिजलेलं होतं. इस्माईलभाई हात पुसत म्हणाले, "साब, मैं गाडी का काम करता हूँ. ये गाडी में नहीं है." संध्याकाळच्या आत गाडी घेऊन जायला सांगितलं. असं त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

तरी मी चालवत राहिलो. घोडबंदर रोडला चेणे गावाच्या पुढच्या वळणावर समोरच्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. माझा पाय ब्रेकवर पोहोचायच्या आत गाडीची डावी बाजू खाली दबली. बाजूला बसलेला माणूस घाबरून पाय रोवतो ना, तसं. टेम्पोला मी लागलो नाही, पण गाडी बाजूला घेतली. डाव्या सीटकडे बघायचं धाडस होत नव्हतं. भीती वाटली, स्पष्टच सांगतो.

सुजाताला मी यातलं काही बोललो नव्हतो. पुढच्या आठवड्यात तीच म्हणाली, चल, तुझ्या टबमधून स्टेशनपर्यंत सोड. बसली, आणि गेटच्या बाहेर पडायच्या आत दाराकडे अंग चोरून घ्यायला लागली. थांबव म्हणाली. उतरून साडी सारखी केली आणि हळूच म्हणाली, "कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं रे." रिक्षा करून गेली. त्यानंतर तिनं मस्करी बंद केली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

विकून टाकावी असं ठरवलं. पण विकायच्या आधी ही गाडी कुणाच्या हातची आहे ते शोधायचं होतं. कारण न कळता फाईल बंद करायची सवय नाही मला. ग्रुपवर कोल्हापूरचे एक अप्पा आहेत, भिंगऱ्यांच्या कुंडल्या त्यांना पाठ. त्यांनी गाडीच्या पोटाचे फोटो मागवले आणि एका फोटोवर गोल करून परत पाठवला. मागच्या बाजूला, तळाशी, अंगठ्याएवढं भोक आणि त्यात कापड गुंडाळून ठोकलेलं लाकडी बूच. अप्पांनी फोनच केला. म्हणाले, गाडीला बूच कोण लावतं? होडी किनाऱ्यावर ओढली की आतलं पाणी सोडायला असं बूच काढतात. पुण्याचे भाऊ बॉड्या बाहेरून करून घ्यायचे, एवढं त्यांनी ऐकलं होतं. करणारा होड्यांचा कारागीर असणार, सवयीनं भोक ठेवून गेला.

फायबरच्या होड्या करणारे म्हटल्यावर मला लांब जायची गरजच नव्हती, भाईंदर पश्चिमेचा सगळा किनारा होड्यांचाच. गाडी काढली, पूल ओलांडून पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यानं राई गाव. दुसऱ्याच घरी विचारलं तर उत्तर मिळालं, अशा गाड्या मोरेश्वर करायचा, त्या हिरामावशीचा नवरा. पुढच्या आळीत, खाडीच्या अंगाला.

हिरामावशी अंगणात सुकट वाळत घालत होती. साठीच्या पुढची, ठसठशीत कुंकू. गाडी बघून हातातलं सूप तसंच राहिलं. मी नमस्कार केला तिकडे तिचं लक्षच नव्हतं. सरळ गाडीच्या डाव्या अंगाला गेली, मडगार्डवर तळवा ठेवला, हलकेच दाबला, सोडला. मग मला विचारलं, "कोन बसलाय यात?"

मी म्हणालो, मावशी, कुणी नाही. तिनं परत दाबून पाहिलं आणि मटकन ओट्यावर बसली.

मग हळूहळू सगळं कळलं. मोरेश्वर होड्या करायचा, त्यात या गाड्यांच्या बॉड्यांचं काम मिळालं आणि माणूस त्यातच रमला. गंमत म्हणजे त्याला गाडी चालवता येत नव्हती. होडी कुठल्याही पाण्यात घालेल, पण स्टिअरिंगला हात लावायला घाबरायचा. जोडलेली गाडी कुणी तपासायला नेली की हा डाव्या सीटवर बसून कान देऊन ऐकत राहायचा आणि सगळा वेळ पाय रोवून धरायचा. मावशी म्हणाली, चप्पल झिजायची त्याची, रस्त्यावर न चालता. पुढे पुण्याचं काम बंद पडलं. माझी ही गाडी त्याच्याकडे उरलेली शेवटची. एका माणसानं ती घेतली, आणि गाडी पोचवायला म्हणून मोरेश्वर त्याच्या बाजूला बसून गेला... तो परत आलाच नाही. गाडी घेणारा म्हणाला, ठाण्याच्या अलीकडे उतरला, चालत जातो म्हणाला. पोलीस झाले, इस्पितळं झाली, गुजरातच्या बंदरांपर्यंत शोधून झालं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली होती, आणि खरा पेच तिथंच होता. माणूस घर सोडून गेला आणि बारा वर्षं त्याची खबर नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. मग बायकोनं कुंकू पुसायचं. मोरेश्वरचा धाकटा भाऊ काशिनाथ त्यासाठी मावशीच्या मागे लागला होता. तो त्या दिवशी तिथं आलाच. वाईट माणूस नव्हे. मला बाजूला घेऊन म्हणाला, दादा मेला असंल तर तहानेला फिरत असंल साहेब, पानी कोन देनार त्याला? तुम्ही शिकलेले, जरा समजवा वैनीला. मी काय समजावणार होतो? काट्यावर वजन जास्त येतं, एवढंच सांगितलं. त्यावर मावशी मला म्हणाली, चल, काट्यावर घे ही.

तिला बसवायला जागा नव्हती, म्हणजे होती, पण ती त्या सीटवर बसायला तयार होईना. काशिनाथच्या रिक्षातून दोघं मागून आले. काट्यावर तोच आकडा आला. मी तिला समजावून सांगितलं, एवढी गाडी आणि एवढं जास्तीचं. तिनं तो लाल आकडा बघून घेतला. मग दिराकडे वळली.

"मेल्या मानसाला वजन नसतंय काशिनाथ. हा जिता हाय. त्या सीटवर वजन हाय तवर मी कुंकू पुसनार न्हाय."

काशिनाथनं मडगार्डवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. शेवटी त्यानं पितृपक्षापर्यंत थांबायचं कबूल केलं. आणि मावशीनं माझ्याकडून वचन घेतलं: गाडी विकायची नाही, आणि दर पौर्णिमेला तिच्या दारात आणायची. मी हो म्हणालो. तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणता आलंच नसतं.

तेव्हापासून माझं गाडीकडे बघणंच बदललं. पूर्वी डाव्या सीटची भीती वाटायची. आता पार्किंगमधून जाताना आधी डावी बाजू खाली आहे ना ते बघायचो आणि जीव भांड्यात पडायचा. ग्रुपवर हलकेपणाच्या गप्पा चालायच्या, त्या मी न वाचता सोडून द्यायचो. पौर्णिमेला राईला जायचो, मावशी तळवा ठेवायची, "हाय" एवढंच म्हणायची, आणि मला चहा मिळायचा. पावसाळ्यातही ताडपत्री बांधून गेलो. सुजाता एकदा म्हणाली, त्या बाईचं कुंकू तू पार्किंगमध्ये सांभाळतोयस, कळतंय ना तुला? कळत होतं. त्यामुळेच झोप उडाली होती.

भाद्रपदातली पौर्णिमा आली. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. सकाळी खाली उतरलो, ताडपत्री काढली. गाडी सरळ उभी होती. डावी-उजवी अगदी समान. मी मडगार्ड दाबलं, ते खेळण्यातल्या गाडीसारखं वर उसळलं. तसाच काट्यावर गेलो. रस्त्यात गाडी अशी पळत होती की... हेच सुख मला हवं होतं ना? रडू येत होतं. आकडा आला पाचशे पन्नासच्याही खाली. सगळ्या ग्रुपमध्ये सर्वात हलकी भिंगरी माझी. फोटो काढला नाही.

याचा अर्थ एकच होता. मेल्या माणसाला वजन नसतं, तीच म्हणाली होती. आणि हे तिला जाऊन मीच सांगायचं?

बिल्डिंगमध्ये प्लास्टरचं काम चालू होतं, रेतीचा ढीग होता. मी सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या घेतल्या, रेती भरली, घरातल्या वजनकाट्यावर पंचावन्न किलो करून घेतली. सुजाता जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलंस. तुला स्वतःला हे जमायचं नाही." असं म्हणाली आणि खाली येऊन गोणीचं दुसरं टोक धरलं. गोण्या डाव्या सीटच्या पुढ्यात दाबून बसवल्या, वर काळी चादर. गाडी हवी तेवढी खाली बसली.

राईत शिरलो आणि लांबूनच दिसलं, मावशीच्या अंगणात गर्दी. बायका ओट्याशी दाटीनं उभ्या होत्या, पुरुष खाली मान घालून बोलत होते. काशिनाथ पायरीवर बसला होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून. खांदे हलत होते. म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती. गाडी वळवून निघून जावं असं वाटलं, पण तोवर लोकांनी वाट करून दिली होती.

मावशी बाहेर आली. तिच्या कपाळाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, मी तिच्या पायांकडे बघत होतो. ती नेहमीसारखी डाव्या अंगाला आली. तळवा ठेवला. दाबला. सोडला.

"यात रेती हाय," ती म्हणाली.

मी उगाच चादर सारखी करायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, "जिता मानूस असा गप न्हाय बसत. उतरव त्या गोन्या. तो घरात हाय."

घरात आहे, म्हणजे आणलं असणार, माझ्या मनात आलं. कसाबसा ओट्यावर चढलो, दारातून आत डोकावलो. जमिनीवर, भिंतीला टेकून, एक हडकुळा म्हातारा मांडी घालून बसला होता. पांढरी दाढी वाढलेली, उन्हानं रापलेला. भाकरीचा तुकडा चहात बुडवून खात होता. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भाकरी बुडवली.

मग मी मावशीच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू जागच्या जागी होतं.

काशिनाथ डोळे पुसत माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्या दिवशी पहाट फुटताना दादा चालत अंगणात आला म्हणे, आणि रोज येतो तसं पाय धुवायला पाणी मागितलं. भटजींना बोलावणं गेलं होतं, ते काशिनाथनं तसंच परत फिरवलं. बारा वर्षं कुठं होतास, सगळ्यांनी विचारून झालं होतं. त्यावर एकच उत्तर, "बसून होतो." कुठं? "बसून होतो." पुढे काही नाही.

मी खाली उतरून गोण्या ओढून बाहेर काढल्या. स्प्रिंगा करकरल्या आणि गाडी वर उचलली गेली. त्या आवाजानं असेल, आत हालचाल झाली. मोरेश्वर उठून दारापर्यंत आला होता. गाडीकडे बघत होता. चेहऱ्यावर ओळख होती, लहान मूल जत्रेतल्या पाळण्याकडे बघतं तसं काहीतरी होतं, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. हिरामावशी झटकन दारात आडवी झाली. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना. त्याच्याकडे पाठ, माझ्याकडे तोंड, आणि आवाज दबका.

"गाडी घेऊन जा बाबा. परत आनू नको. तो बसंल."

मी निघालो.

पुढे डॉक्टरांनी तपासलं, पोलिसांनी जबाब घेतला. स्मृती गेली असेल, कुठल्या बंदरावर मजुरी करत राहिला असेल, एक दिवस आठवलं असेल. असेल. तेवढं मीही मानायला तयार आहे. पण काट्यावरच्या त्या पंचावन्न किलोंचं काय करू? कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मला आजही काही उत्तर सापडलेलं नाही. भिंगरी अजून माझ्याकडेच आहे, हलकी, सरळ उभी. सुजाता हल्ली तिच्यात बसते. मोरेश्वर ओट्यावर बसून जाळी विणतो, बोलतो थोडं. हिरामावशीकडे मी अजूनही जातो, पण स्कूटरनं जातो.